रिव्हॉल्वरला कुलूप हवे की नको?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात रिव्हॉल्वरवर भाषण ठेवले, याचे काहींना नवल वाटले असेल. पण हे ग्वाल्हेर आहे. शिंदेशाहीबरोबर इकडे आलेल्या आपल्या अनेक घराण्यांत देवघर जितके जुने तितकीच भिंतीवरची तलवारही जुनी. पुढे तलवारीच्या जागी बंदूक आली, बंदुकीनंतर रिव्हॉल्वर आले, आणि लायसन्स वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर होत राहिले. या चंबळच्या मुलखात शस्त्राची हौस एवढी, की २०१९ साली आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांनी शस्त्र परवान्याच्या अर्जदारांना दहा झाडे लावण्याची अट घातली होती. तेव्हा विषय परका नाही. आपल्या कपाटातलाच आहे.

आम्ही स्वतः शस्त्राचे शौकीन नाही. डिप्लोमाला यंत्रे शिकलो, त्यामुळे एखादे यंत्र कसे चालते आणि नको त्या वेळी ते चालू नये म्हणून आत काय योजना केलेली असते, हे पाहण्याची सवय लागली. त्या सवयीतून अमेरिकेतला एक वाद नजरेस आला. गेली वीसहून अधिक वर्षे तिथले रिव्हॉल्वरचे शौकीन एका छोट्याशा भोकावरून भांडत आहेत. ते भोक म्हणजे रिव्हॉल्वरच्या अंगातच बसवलेल्या कुलपाची चावी घालण्याची जागा. कुलूप हवे म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांचेही म्हणणे आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. त्यातून आपल्या घरासाठी काय घ्यायचे, ते शेवटी पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ. रिव्हॉल्वरमध्ये बोटाने ओढतो तो चाप. मागे उभा असतो आणि काडतुसाच्या पाठीवर आपटतो तो घोडा. मधे फिरते ते चक्र, त्यात पाच किंवा सहा काडतुसे. चाप ओढला की चक्र एक घर पुढे फिरते, घोडा मागे जातो, सुटतो आणि बार उडतो. पिस्तुलाला बहुधा एक खटका असतो, तो खाली केला की पिस्तूल चालायला तयार होते. रिव्हॉल्वरला असा खटका सहसा नसतोच. त्याचा चाप लांब आणि जड असतो, तेवढीच त्याची राखण. रिव्हॉल्वर आवडणाऱ्या माणसाला ते नेमके याच साधेपणासाठी आवडते. अंधारात, घाबरलेल्या हाताने उचलले तरी आठवण ठेवायचे काही नाही. चाप ओढला की चालते.

मग या शौकिनांना सुरक्षिततेचे वावडे आहे का? मुळीच नाही, आणि हा मुद्दा नीट ध्यानात ठेवला पाहिजे. अमेरिकेत १८७३ सालचे कोल्ट कंपनीचे सहा बारी रिव्हॉल्वर फार गाजले. आपण सिनेमात पाहतो तेच. पण जाणती माणसे त्यात सहाऐवजी पाचच काडतुसे भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवत. कारण घोडा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असताना रिव्हॉल्वर जमिनीवर पडले तर आपोआप बार होई. पुढे १९४४ साली अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसन कंपनीचे रिव्हॉल्वर हातातून पडले आणि सुटलेल्या गोळीने एका खलाशाचा जीव गेला. महायुद्ध चालू होते, सैन्याची मागणी मोठी होती, तरी कंपनीने घाईने आतली रचना बदलली. घोडा आणि सांगाडा यांच्यामध्ये सरकणारी एक पट्टी नव्या पद्धतीने बसवली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. रिव्हॉल्वर कितीही आपटले तरी घोडा काडतुसापर्यंत पोहोचत नाही.

रुगर कंपनीने १९७३ साली उलट युक्ती केली. घोडा स्वतः काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. चाप ओढला की मधे एक पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका पुढे पोहोचवते. चाप सोडला की पट्टी खाली. इतकेच नव्हे, आपल्या जुन्या रिव्हॉल्वरमध्येही तशी सुधारणा फुकट करून द्यायची योजना कंपनीने पुढे सुरू केली.

या दोन्ही पट्ट्या शौकिनांनी स्वीकारल्या. कोणी आपली जुनी रचना नवीपेक्षा सुबक होती म्हणून हळहळले असेल, पण "पट्टी काढा" अशी चळवळ झाली नाही. का? कारण ही पट्टी मालकाकडून काहीच मागत नाही. ती लावावी लागत नाही, काढावी लागत नाही, लक्षात ठेवावी लागत नाही. गोळी सुटू नये तेव्हा ती अडवते आणि सुटायला हवी तेव्हा आपोआप दूर होते.

मंडळी, यंत्राच्या सुरक्षिततेचे तीन प्रश्न असतात. चालू नये तेव्हा ते चालणार नाही ना? चालायला हवे तेव्हा चालेल ना? आणि ज्याने चालवू नये त्याच्या हातून चालणार नाही ना? या पट्ट्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि दुसऱ्याला धक्का लावला नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नाही. पाच वर्षांच्या पोराने चाप ओढला, तर पट्टी त्याच्यासाठीही बाजूला होतेच.

हा तिसरा प्रश्न जुनाच आहे. स्मिथ अँड वेसनने १८८७ साली एक रिव्हॉल्वर काढले. त्याचा घोडा आत लपलेला होता, आणि मुठीच्या मागे एक दांडी होती. मूठ पूर्ण आवळली तरच चाप ओढता येई. लोकांनी त्याचे नाव ठेवले लिंबू पिळायचे यंत्र. एका लहान मुलाला वडिलांच्या रिव्हॉल्वरने इजा झाल्याचे ऐकून डॅनियल वेसन यांनी ही रचना केली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, विचार स्पष्ट आहे. मुलाच्या चिमुकल्या हाताला मूठ आवळणे आणि चाप ओढणे एकाच वेळी जमू नये. पुढे १९५२ साली कंपनीला शंभर वर्षे झाली, तेव्हा तसेच मुठीच्या दांडीचे रिव्हॉल्वर नव्या रूपात पुन्हा निघाले. गंमत अशी, की त्याबरोबर एक लहानशी खुंटीही मिळे. ज्याला दांडी नको असेल त्याने खुंटी घालून ती कायमची दाबून ठेवावी! म्हणजे हवी की नको हा वाद तेव्हाही होता आणि कंपनीने तो मालकावर सोपवला होता.

आता आपण २००० सालाकडे येऊ. १९९९ मध्ये कोलंबाइन इथल्या शाळेत गोळीबार झाला होता. अनेक शहरांनी शस्त्र कंपन्यांवर दावे लावले होते. त्या दडपणाखाली १७ मार्च २००० रोजी स्मिथ अँड वेसनने राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारशी करार केला. बाहेरून लावायचे कुलूप साठ दिवसांच्या आत प्रत्येक हातशस्त्राबरोबर द्यायचे आणि आत बसवलेले कुलूप दोन वर्षांत आणायचे, असे त्यात होते. शिवाय कंपनीचा माल विकणाऱ्या दुकानदारांनी काय करायचे आणि काय नाही, याच्याही अटी होत्या.

शौकीन खवळले. त्यांच्या दृष्टीने कंपनीने सगळ्या धंद्याच्या वतीने सरकारपुढे मान तुकवली होती. बहिष्कार पडला, विक्री कोसळली. तेव्हा कंपनीचे मालक टॉमकिन्स हे ब्रिटिश होते. त्यांनी १९८७ साली सव्वाअकरा कोटी डॉलर देऊन कंपनी घेतली होती. मे २००१ मध्ये त्यांनी ती अवघ्या दीड कोटी डॉलरला विकली, आणि वर सुमारे तीन कोटींचे कर्ज घेणाऱ्याने पत्करले. घेणारी कंपनी कोण, तर सेफ-टी-हॅमर, शस्त्रांची कुलुपे बनवण्याच्या धंद्यातली! तो करार पुढे सरकार बदलल्यावर कागदावरच राहिला. पण कुलूप आले. साधारण २००१ पासून स्मिथ अँड वेसनच्या बहुतेक नव्या रिव्हॉल्वरवर, चक्र उघडायच्या बटणाच्या वर, डाव्या अंगाला ते भोक दिसू लागले. चावी फिरवली की घोड्याजवळ आत एक लहान पट्टी वर येते आणि घोडा अडकतो.

त्या भोकाला काही शौकिनांनी क्लिंटन यांच्या पत्नी हिलरी यांच्या नावाने टोपणनाव दिले. त्यातला राग यंत्रावर किती आणि राजकारणावर किती, हे त्या नावावरूनच कळते.

आता विरोधकांचे म्हणणे क्रमाने पाहू.

पहिली हरकत भरवशाची. वजनाने अगदी हलके रिव्हॉल्वर आणि त्यात जोरदार काडतूस असेल तर धक्का फार बसतो. त्या धक्क्याने कुलपाची पट्टी आपोआप वर आली आणि ऐन वेळी रिव्हॉल्वर अडकले, असे अनुभव काहींनी सांगितले. उलट बाजूचे म्हणतात, आम्ही वर्षानुवर्षे बार काढले, कधी अडकले नाही, दहा जणांकडून ऐकलेली एकच गोष्ट दहा घटना होत नाहीत. यावर विरोधकांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. ते म्हणतात, घटना थोड्या असतील, पण माझ्या जिवाच्या राखणीसाठी घेतलेल्या यंत्रात एक जास्तीचा भाग कशाला, ज्याचे काम मुळी यंत्र बंद पाडणे हेच आहे? यंत्र शिकलेल्या माणसाला हे पटते. जो भाग नाही तो बिघडत नाही, हे कार्यशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात.

दुसरी हरकत देखणेपणाची. हसू नका. घोटीव पोलादाच्या अंगावर काळसर निळी झळाळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि मधेच एक भोक. पैठणीच्या पदराला उदबत्तीने पडलेले भोक जसे डोळ्यांत सलते तसे त्यांना ते सलते. बाजारातही याचे पडसाद आहेत. कुलपाआधीच्या काळातले जुने रिव्हॉल्वर मुद्दाम शोधून, जास्त पैसे मोजून घेणारे पुष्कळ आहेत. भोक बुजवायच्या टोप्याही विकत मिळतात.

तिसरी हरकत तत्त्वाची. माझ्या घरात शस्त्र कसे ठेवायचे ते मी ठरवीन, कंपनीने सरकारच्या दबावाखाली ते माझ्यावर लादू नये. या मंडळींना कुलूप वापरायची सक्ती नाही, हे सांगून भागत नाही. त्यांच्या मते ते भोक म्हणजे अविश्वासाची खूण आहे.

चौथी हरकत उपयोगाची. या कुलपाची चावी प्रत्येक रिव्हॉल्वरची वेगळी नसते. म्हणजे चोराला ते थोपवणार नाही. शिवाय चावी फिरवायची कोणाला आठवते? आणि रात्री गरज पडली तर अंधारात ती इवलीशी चावी कोण शोधणार?

आता बाजू घेणारे काय म्हणतात? त्यांचा पहिला मुद्दा सरळ आहे. नको असेल तर फिरवू नका चावी. रिव्हॉल्वर पूर्वीसारखेच चालते. दुसरा, घरी नातवंडे येतात, प्रवासात हॉटेलच्या खोलीत मुक्काम होतो, अशा वेळी जवळ दुसरे काही नसताना हे कुलूप कामाला येते. तिसरा मुद्दा विरोधकांनाच दिलेला इशारा आहे. कारखान्याने बसवलेले सुरक्षेचे साधन तुम्ही काढून टाकलेत आणि उद्या काही घडून प्रकरण कोर्टात गेले, तर समोरचा वकील त्याचा कसा उपयोग करील याचा विचार करा. या भीतीने कित्येकांनी कुरकुर केली, पण कुलूप तसेच राहू दिले.

इतर कंपन्यांनी काय केले, तेही बोलके आहे. ब्राझीलच्या टॉरस कंपनीने कुलूप घोड्याच्याच पाठीवर बसवले. रुगरने काही मॉडेलमध्ये ते मुठीच्या आत असे लपवले, की बाहेरून दिसतच नाही. त्यावर शौकिनांची ओरड फारच कमी झाली. म्हणजे देखणेपणाचा वाटा किती मोठा होता पाहा. कोल्टने २०२० साली आपले प्रसिद्ध पायथन रिव्हॉल्वर नव्याने आणले, ते कुलपाविना. स्मिथ अँड वेसननेही घोडा आत लपलेली काही छोटी मॉडेल कुलपाविना विकायला सुरुवात केली, आणि गेल्या काही वर्षांत इतरही काही जुनी आवडती मॉडेल कुलपाविना परत आणली. जाणकार शौकिनांनी ती उत्साहाने घेतली.

कायद्याच्या अंगानेही हा प्रश्न तिथे एकसारखा नाही. मेरीलँड राज्याने २००३ पासून नव्याने बनलेल्या हातशस्त्रांत आत बसवलेले कुलूप असलेच पाहिजे असा नियम केला. मॅसॅच्युसेट्स राज्यात, जिथे स्मिथ अँड वेसनचा जुना कारखाना आहे, अंगावर नसलेले शस्त्र कुलपात ठेवलेच पाहिजे असा कायदा १९९८ पासून आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक दुकानदाराला हातशस्त्राबरोबर कुलूप किंवा तसे साधन देणे बंधनकारक केले. मात्र गिऱ्हाइकाने ते लावलेच पाहिजे असे नाही. आणि २००८ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की घरातले शस्त्र कायम सुटे करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवा, अशी सक्ती करता येणार नाही, कारण मग स्वसंरक्षणासाठी त्याचा उपयोगच उरत नाही.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, शौकिनांचे बरोबर आहे. आमच्याही मते यंत्राच्या बाबतीत त्यांचे बरेचसे बरोबर आहे. पण एका ठिकाणी त्यांच्यातले काही जण थांबतात, आणि तिथे थांबणे धोक्याचे आहे. "हे कुलूप वाईट आहे" इथून ते "कुलपाची गरज नाही" इथे उडी मारतात. विचारले तर सांगतात, माझे खरे कुलूप माझ्या डोक्यात आहे, आणि मी माझ्या मुलांना शिकवले आहे.

मुलांना शिकवले आहे, या वाक्याची एकदा परीक्षा झाली होती. २००१ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक पाहणी छापून आली. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे २९ लहान गट एकेक करून एका खोलीत बसवले. खोलीतल्या खणात खरे, पण चालू न शकणारे पिस्तूल ठेवलेले होते. आरशामागून पाहणारे पाहत होते. २१ गटांना ते पिस्तूल सापडले. त्यांपैकी १६ गटांनी ते हाताळले. आणि १० गटांतल्या कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांनी हात लावला त्यांतल्या बहुतेक मुलांना शस्त्राबद्दल आधी काही ना काही शिकवलेले होते.

ती मुले वाईट नव्हती, आई-बापही निष्काळजी नव्हते. मूल म्हणजे कुतूहल. आपल्या घरातला लाडवांचा डबा किती उंच ठेवला तरी ते पोहोचतेच की नाही? ज्या वयात मन हात आवरू शकत नाही, त्या वयात वस्तूच हातापासून दूर पाहिजे.

म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आतल्या कुलपाच्या वादात पडत नाही. घरात शस्त्र ठेवू नये हे उत्तम. ठेवायचेच तर रिकामे ठेवा, कुलूपबंद ठेवा आणि काडतुसे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कुलपात ठेवा. याने एक गोष्ट आणखी साधते. मुलांचे कुतूहल तर थोपतेच, पण मोठ्यांचा संतापाचा किंवा निराशेचा एक क्षणही टळतो. दोन कुलपे उघडायला लागणाऱ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो.

आणि नको म्हणणाऱ्या शौकिनांतले जे खरे जबाबदार आहेत, तेही हेच सांगतात. आतले कुलूप नको, पण घट्ट बसवलेली पोलादी पेटी ठेवा. किंवा चक्र उघडून त्यातून साध्या कुलपाची कडी किंवा तारेचे कुलूप आरपार घाला, म्हणजे चक्र मिटतच नाही आणि एकही काडतूस आत राहू शकत नाही. लावलेय की नाही हे दुरूनही दिसते. यंत्राच्या पोटात काही नवे बसवावे लागत नाही आणि ऐन वेळी आपोआप अडकण्याची भीतीही नाही. दुसरा आणि तिसरा प्रश्न, दोन्हींना उत्तर मिळते. म्हणजे भांडण कुलूप कुठे असावे याचे आहे. ते असूच नये असे जाणता शौकीन म्हणत नाही.

आता आपल्या घराकडे वळू या. आपल्यातल्या पुष्कळांची मुले-सुना अमेरिकेत आहेत. तिथे साधारण दहांपैकी चार प्रौढ माणसे शस्त्र असलेल्या घरात राहतात. नातवाला शेजारच्या मित्राकडे खेळायला पाठवताना तिथले सुजाण आई-बाप विचारतात, तुमच्याकडे शस्त्र आहे का आणि कुलपात आहे का. विचारायला अवघड वाटते खरे. पण शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे आपण सांगतोच ना? त्याच सुरात हेही विचारता येते. व्हिडिओ कॉलवर आपल्या लेकीला एवढे नक्की सांगा.

इथली गोष्ट वेगळी आहे. खासगी व्यक्तीने परदेशी हातशस्त्र मागवणे १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद झाले. अपवाद नामवंत नेमबाजांचा. त्यामुळे अमेरिकेतले हे चावीचे रिव्हॉल्वर आपल्या घरांत आलेच नाही. आपल्याकडे आहेत ती आजोबांच्या काळातली जुनी विलायती शस्त्रे, नाहीतर कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे रिव्हॉल्वर. म्हणजे कुलूप आत असावे की नसावे हा वाद आपल्यासाठी निकालातच निघालेला आहे. कुलूप जे काय लावायचे ते आपल्यालाच, बाहेरून लावायचे आहे.

आणि आपण काय करतो? रिव्हॉल्वर अलमारीत, साड्यांच्या घडीखाली. किल्ली अलमारीलाच लटकलेली. काडतुसांची डबी त्याच खणात, कारण शोधाशोध नको. कित्येक घरांत हेच चालते, हे इथे बसलेले सर्व जण जाणतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र थाण्यात जमा होते आणि तेवढे दिवस ते सर्वांत सुरक्षित असते, असे विनोदाने म्हणतात. त्या विनोदात तथ्य आहे.

आपला कायदा याबाबत गप्प नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला प्रशिक्षणाची आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या हमीची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली. त्याच दुरुस्तीने लग्न-मिरवणुकीतल्या हर्ष फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. परवाना एका माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेला की तेराव्यापर्यंत गडबडीत कोणाला सुचत नाही, पण ते शस्त्र त्याच कपाटात पडू देणे योग्य नाही. थाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, आणि मग वारसाने आपल्या नावे अर्ज करावा किंवा विकून मोकळे व्हावे.

आता महिन्याभरात खंडेनवमी येईल. ज्यांच्या घरी शस्त्रपूजन होते त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. पाटावर मांडण्यापूर्वी चक्र उघडा. एक एक घर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. काडतुसे त्या खोलीतच नकोत. चक्र उघडे ठेवूनच हळद-कुंकू वाहा. शस्त्राचा मान त्याने उणा होत नाही. पूजा झाली की मुलांच्या देखत कुलपात ठेवा. त्या चार मिनिटांत मुले जे पाहतील ते दहा उपदेशांनी शिकणार नाहीत. आणि त्याच दिवशी बाजारातून दोन कुलपे आणा, एक शस्त्राच्या पेटीला आणि एक काडतुसांच्या. किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर राहू द्या, खुंटीवर नको. खर्च किती? मांडवाच्या एका दिवसाच्या फुलांपेक्षा कमी.

तिकडच्या शौकिनांचे ते भांडण अजून संपलेले नाही. संपू नये असेही वाटते, कारण भांडता भांडता ते यंत्र सुधारतात. पण वीस वर्षांच्या त्या वादातून आपण घ्यायची गोष्ट एवढीच. जे कुलूप आपण लावत नाही, ते कितीही उत्तम असले तरी कुलूप नव्हे. आणि जे रोज लावतो, ते शंभर रुपयांचे असले तरी मुलाचा जीव वाचवते.

समोर बाप्पा बसले आहेत. त्यांच्या हातांत पाश आहे आणि अंकुश आहे. एक बांधून ठेवणारा आणि एक आवरणारा. शक्ती ज्याच्याकडे आहे त्याने ती आवरायची साधनेही हाताशी ठेवावी, हे सांगायला यापेक्षा वेगळे व्याख्यान नको होते. 

गणपती बाप्पा मोरया!